कौलांचं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाव कसं वसतं हे आपल्याला सांगायला नको. पाणी पाहून चार घरं येतात, वाट पडते, देऊळ किंवा मशीद उभी राहते, तिच्यासमोर पार बांधला जातो आणि दोन-तीन पिढ्यांनी लोक म्हणतात, हे आमचं गाव. कागदावर आराखडा काढून कुणी गाव वसवत नाही. आज ज्या गावाबद्दल मी बोलणार आहे, ते मात्र आधी कागदावर निघालं आणि मग जमिनीवर उतरलं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाचं शहर आहे. त्याच्या उत्तरेला, सेंट जोसेफ नदीच्या बाजूला, १९१ एकरांची शेतजमीन होती. १९५० नंतरच्या दशकात तिथे एक छोटं कॉलेज उभं राहिलं, तेही गावाच्या रूपात. टेकाडावर प्रार्थनामंदिर, त्याच्या भोवती शाळा-ग्रंथालय, खाली तळं आणि तळ्याच्या आसपास मुलांची राहण्याची घरं. सगळ्यांवर गडद करडी कौलं.

त्याचं नाव कॉन्कॉर्डिया सीनियर कॉलेज. ‘कॉन्कॉर्डिया’ या लॅटिन शब्दाचा अर्थ एकोपा. १९५७ साली तिथे वर्ग भरले आणि १९७७ साली ते कॉलेज बंद झालं. म्हणजे उणंपुरं वीस वर्षांचं आयुष्य. इमारती पडल्या नाहीत, पूर आला नाही, विद्यार्थी पळून गेले नाहीत. ज्यांनी हौसेने ते बांधलं, त्यांनीच ठराव करून ते बंद केलं. असं का झालं, आणि आपण ते का ऐकावं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

हे कॉलेज लूथरन पंथाचं. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन लूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिलं आणि धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत लोकांच्या हाती दिला, त्या परंपरेतले हे लोक. आपल्या देशात या पंथाचे पहिले धर्मोपदेशक आले ते १७०६ मध्ये, तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला. फोर्ट वेनचं कॉलेज ज्यांनी काढलं त्या शाखेला ‘मिसूरी सिनड’ म्हणतात. सिनड म्हणजे चर्चमंडळांची सभा. १८३८च्या अखेरीस जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातून काही शे माणसं गलबतांत बसून निघाली. आपल्या देशातलं चर्च मूळ श्रद्धेपासून ढळलं आहे, असं त्यांना वाटत होतं. १८३९ मध्ये ती मिसूरी राज्यात पोचली. राहायला धड घरं नव्हती, रोगराईने माणसं दगावत होती. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी लाकडी ओंडक्यांची एक खोली बांधून शाळा सुरू केली. पोटाला पुरेसं मिळण्याआधी शाळा! हा त्यांचा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८४७ मध्ये शिकागोला त्यांची सभा स्थापन झाली आणि तिच्या अधिकृत नावात ‘जर्मन’ हा शब्द होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनांविषयी रोष उसळला, तेव्हा १९१७ मध्ये तो शब्द गळाला.

शब्द गेला, पण शिक्षणाची पद्धत जर्मनच राहिली. पाद्री होऊ इच्छिणारा मुलगा तेरा-चौदाव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात यायचा. चार वर्षं शाळा आणि दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालय, अशी सहा वर्षं सलग. वर्गांची नावंसुद्धा लॅटिन, सेक्स्टा, क्विंटा, क्वार्टा अशी उलट्या क्रमाने. सेक्स्टातून सुरुवात आणि शेवटचा वर्ग प्रिमा. लॅटिन, ग्रीक, जर्मन यांची घोकंपट्टी करून मुलगा थेट सेंट लुइसच्या धर्मविद्यालयात दाखल व्हायचा. शेतकऱ्यांची, सुतारांची, दुकानदारांची ही मुलं. चांगली चालणारी पद्धत होती ती, पण तिची दारं आतल्या बाजूला उघडणारी होती.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेतल्या सगळ्याच कॉलेजांचं रूप पालटलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा १९४४ मध्ये झाला होता. त्याचा आधार घेऊन सुमारे बावीस लाख माजी सैनिक कॉलेजांत गेले. १९४०च्या सुमारास त्या देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी पंधरा लाखांच्या आसपास होते. १९५९ मध्ये ते छत्तीस लाखांवर पोचले. वर्ग कमी पडले, वसतिगृहं कमी पडली. लष्कराच्या जुन्या बराकी उचलून आणून कॉलेजच्या आवारात मांडल्या गेल्या. शे-दोनशे मुलांची सवय असलेल्या धार्मिक कॉलेजांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता वाढायचं, तर कसं वाढायचं?

याच इंडियाना राज्यात वालपरायझो नावाच्या गावी लूथरन लोकांचं दुसरं विद्यापीठ आहे. दिवाळखोरीच्या काठावर असलेली ती संस्था त्यांच्यातल्या काही उत्साही मंडळींनी १९२५ मध्ये विकत घेतली होती. युद्धानंतर तिथल्या अभियांत्रिकी शाखेला इमारत नव्हती आणि इमारतीला पैसा नव्हता. शाखा टिकते की नाही अशी वेळ आली, तेव्हा विद्यार्थ्यांनीच बाह्या सरसावल्या आणि स्वतःच्या हातांनी इमारत उभी केली. पुढे १९५६ मध्ये तिथलं जुनं सभागृह जळालं. १९५९ मध्ये तिथे भलंमोठं प्रार्थनामंदिर उभं राहिलं. विद्यापीठांच्या आवारात असलेल्या जगातल्या मोठ्या चॅपलांत त्याची गणना होते. म्हणजे वाढीची एक तऱ्हा अशी, की गरज पडेल तसं बांधत जायचं, एक विंग इथे, एक इमारत तिथे. आपल्याकडची बहुतेक कॉलेजंही अशीच वाढली आहेत.

फोर्ट वेनला झालं ते याच्या उलट. मिसूरी सिनडच्या धुरिणांना दिसत होतं, की पाद्री होणाऱ्या मुलाला आता नुसतं व्याकरण आणि धर्मशास्त्र पुरणार नाही. ज्यांच्यापुढे तो प्रवचन करणार, ती माणसंही आता कॉलेजात शिकून आलेली असणार. म्हणून सहा वर्षांची जुनी शाळा आणि सेंट लुइसचं धर्मविद्यालय यांच्या मधे आणखी दोन वर्षं घालायची, त्यात साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान, अभिजात भाषा शिकवायच्या आणि रीतसर बी. ए.ची पदवी द्यायची, असं ठरलं. पदवीची शेवटची दोनच वर्षं शिकवणारं, म्हणून ते ‘सीनियर कॉलेज’. त्यासाठी फोर्ट वेनमधली आपली जुनी जागा त्यांनी सोडली, शहराबाहेरची ती शेतजमीन घेतली आणि आराखड्याचं काम ईरो सारिनेन या वास्तुकाराकडे दिलं.

सारिनेनविषयी दोन शब्द सांगायला हवेत. त्याचा जन्म १९१०चा, फिनलंडमधला. वडील एलिएल सारिनेन हेही नावाजलेले वास्तुकार आणि आजोबा लूथरन पाद्री. मुलगा तेरा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आलं. सेंट लुइस शहरात नदीकाठी पोलादाची जी प्रचंड कमान आज उभी आहे, तिच्या स्पर्धेत बाप-लेक दोघांनी वेगवेगळे आराखडे पाठवले होते. १९४७ मध्ये अंतिम फेरीसाठी निवड झाल्याची तार आली ती चुकून वडिलांच्या नावाने. घरात आनंदीआनंद झाला आणि मग कळलं, की निवड झालीय मुलाची, आणि १९४८ मध्ये जिंकलाही तोच! न्यूयॉर्कच्या विमानतळावरची, पंख पसरलेल्या पाखरासारखी दिसणारी टीडब्ल्यूए कंपनीची इमारत याच सारिनेनची. १९६१ मध्ये, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. ती कमान आणि ती विमानतळाची इमारत त्याला पुरी झालेली पाहता आली नाही. फोर्ट वेनचं गाव मात्र त्याने पाहिलं.

हे काम त्याच्याकडे आलं, तेव्हा जगभर सपाट छपरांच्या, काचेच्या इमारतींची चलती होती. खुद्द सारिनेननेच जनरल मोटर्स कंपनीसाठी तसा काच-पोलादाचा अवाढव्य परिसर उभारला होता. इथे मात्र त्याने तो मार्ग घेतला नाही. साडेचारशेच्या आसपास तरुण, सगळे एकाच ध्येयाने आलेले, दोन वर्षं एकत्र राहणार. त्यांना बाहेरच्या गलबल्यापासून बाजूला होऊन शांतपणे शिकता यावं, पण जगापासून तुटल्यासारखंही वाटू नये. अशा माणसांना काय हवं? त्याचं उत्तर होतं, गाव. उत्तर युरोपात असतं तसं, उतरत्या छपरांचं, मधोमध उंच चर्च असलेलं. जर्मनीतून, स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या नातवंडांना त्यांनी कधी न पाहिलेलं आजोबांचं गाव त्याने बांधून द्यायचं ठरवलं.

पण जमीन होती तळहातासारखी सपाट. इंडियानाचा तो भाग मक्याच्या शेतांचा. म्हणून माती हलवून चढ-उतार केले, तळं खणलं आणि सर्वांत उंच जागा प्रार्थनामंदिरासाठी ठेवली. झाडं कुठे लावायची, वाट कुठून वळवायची, मोकळी जागा कुठे सोडायची, हे काम डॅन काइली या नामांकित उद्यानरचनाकाराने सारिनेनसोबत केलं. जमिनीच्या आधीच्या मालकाचं नाव क्रेमर. प्रार्थनामंदिरालाही ‘क्रेमर चॅपल’ असंच नाव मिळालं. दोन बाजूंनी थेट वर चढत गेलेलं, दोन्ही तळवे जोडावेत तसं तीव्र उताराचं छप्पर आणि शेजारी वेगळा उभा असलेला घंटेचा मनोरा. आवारात कुठेही उभे राहा, ते छप्पर नजरेत येतंच.

बाकीच्या इमारती त्याच्यापुढे खाली वाकल्यासारख्या. ग्रंथालय, वर्गखोल्या, भोजनगृह, सभागृह ही सगळी चॅपलच्या भोवती, चौकाच्या कडेने. त्यांचीही छपरं उतरती, पण उतार सौम्य. छपरांची दिशा एक ठेवलेली, त्यामुळे सगळं गाव एकाच बाजूला तोंड करून बसलं आहे असं वाटतं. भिंती विटांच्या, पांढऱ्या रंगवलेल्या. कौलं गडद करडी. मुलांसाठी एकच उंच वसतिगृह बांधणं स्वस्त पडलं असतं, पण सारिनेनने लहान लहान घरं केली आणि ती पुंजक्यापुंजक्याने उतारावर पसरली. मुलगा सकाळी आपल्या घरातून निघे, चढ चढून प्रार्थनेला जाई, तिथून वर्गात, वर्गातून जेवायला, आणि संध्याकाळी पुन्हा उतरून आपल्या घरी. दिवसाची ही वाटच जणू त्याचा पहिला धडा होता.

आधुनिक वास्तुकलेच्या कडव्या मंडळींना हे सगळं पटलं नाही. प्रत्येक कामाला नवी शैली घेणारा हा माणूस, असा ठपका सारिनेनवर नेहमीच असे. या उतरत्या छपरांमुळे त्यात भरच पडली. मला मात्र त्याच्या विचारातला एक भाग मोलाचा वाटतो. कॉलेज म्हणजे खोल्यांची संख्या असा हिशेब त्याने केला नाही. इथे राहणारी माणसं एकमेकांना दिवसातून किती वेळा भेटतील, कुठे भेटतील, हा हिशेब त्याने आधी केला. नवीन कॉलेजला परवानगी मागताना आपण चौरस फूट मोजतो, प्रयोगशाळा मोजतो. मुलांनी वर्ग सुटल्यावर कुठे बसून वाद घालायचा, याचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

या गावात उणिवाही होत्या. गाव म्हणायचं, पण त्याच्या वर्गांत बाई नव्हती. कॉलेज फक्त पुरुषांचं. गाव म्हणायचं, पण बहुतेक सगळे एकाच पंथाचे, एकाच वयाचे, एकाच वाटेचे. खऱ्या गावात म्हातारे असतात, कज्जेदलाल असतात, देवाला न मानणारा एखादा असतो. त्याला शिव्या घालत का होईना, गाव सांभाळून घेतं. एकसारख्या माणसांच्या गावात एकोपा सोपा असतो. त्याची परीक्षा होते ती पहिला मोठा मतभेद झाल्यावर.

तो मतभेद लवकरच आला. वाद होता धर्मग्रंथ कसा वाचावा याचा. सेंट लुइसच्या धर्मविद्यालयातले बरेच प्राध्यापक म्हणत, की बायबलवर श्रद्धा ठेवूनही त्याचा ऐतिहासिक अभ्यास करता येतो. कुठला भाग कधी लिहिला गेला, कुणासाठी लिहिला गेला, त्यातली कथा कशा प्रकारची आहे, हे तपासल्याने श्रद्धा उणी होत नाही. दुसरी बाजू म्हणे, एकदा ही दोरी सैल सोडली की शेवट कुठे होईल सांगता येत नाही. ग्रंथात लिहिलं आहे ते अक्षरशः खरं, आणि त्यातला एक धागा ओढला तर सगळं वस्त्र उसवेल. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती. दोन्हीकडे शिकलेले, सज्जन, प्रार्थना करणारे लोक होते. म्हणून तर तो वाद मला दूरचा वाटत नाही. मी मुसलमान घरात जन्मलो. कुराण अर्थ समजून वाचायचं की नुसतं पठण करायचं, कोणती आज्ञा त्या काळापुरती आणि कोणती सर्वकाळची, हे प्रश्न आमच्याकडेही घरोघर आहेत आणि ते मोठ्याने विचारणाऱ्याची वाट आमच्याकडेही अवघड आहे. आपल्या मराठी मुलुखात तर ग्रंथ वाचायचा अधिकार कुणाला, यावरच शतकानुशतकं भांडण चाललं. तेव्हा अमेरिकेतल्या पाद्र्यांच्या भांडणाला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.

१९६९ मध्ये मिसूरी सिनडच्या अध्यक्षपदी जे. ए. ओ. प्रॉइस निवडून आले, ते सनातनी बाजूचे. त्याच वर्षी सेंट लुइसच्या धर्मविद्यालयाची सूत्रं जॉन टीटजेन यांच्याकडे आली. चौकशी समिती नेमली गेली, प्राध्यापकांच्या मुलाखती झाल्या, कोण काय शिकवतो याची नोंद झाली. १९७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला अधिवेशन भरलं आणि प्राध्यापकांमधल्या बहुसंख्यांची शिकवण चर्चमध्ये खपवून घेता येणार नाही, असा ठराव मतांना टाकण्यात आला. ५७४ विरुद्ध ४५१ मतांनी तो मंजूर झाला. आकडे नीट ऐका. हजारभर माणसांच्या सभेत जवळजवळ निम्मे लोक विरोधात होते, आणि तरी निकाल पूर्ण होता. बहुमत असंच असतं. मतं निम्मी-निम्मी पडली तरी निकाल निम्मा-निम्मा लागत नाही.

जानेवारी १९७४ मध्ये टीटजेन यांना पदावरून दूर करण्यात आलं. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. १९ फेब्रुवारीला बहुतेक प्राध्यापक आणि बहुतेक विद्यार्थी मिरवणुकीने आवाराबाहेर पडले. ज्यांच्यावर आक्षेप होते असे अध्यापकच जवळजवळ सगळे गेले. पन्नासांतले पाचच काय ते मागे राहिले. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत बरेचजण फोर्ट वेनच्या त्या कौलारू गावात शिकून आलेले होते. त्यांनी स्वतःची वेगळी शाळा काढली, तिला ‘हद्दपारीतलं धर्मविद्यालय’ अशा अर्थाचं नाव दिलं. वर्ग कुठे भरवायचे? तर जागा दिली शहरातल्या कॅथलिक जेझुइटांच्या विद्यापीठाने आणि दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट पंथाच्या विद्यालयाने. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्या पोपविरुद्ध लूथर उभा राहिला, त्या पोपच्या पंथाने लूथरच्या लेकरांना ओसरी दिली! इतिहासात असे प्रसंग क्वचित येतात आणि आले की आपली पक्की मतं थोडी हलवून जातात.

आता पाळी फोर्ट वेनची होती. मोकळ्या वातावरणात प्रश्न विचारायला शिकवणारं हे कॉलेज सनातनी बाजूला फार दिवसांपासून खुपत होतं. शिवाय संस्थांची संख्या, पैसा, जागा यांची कारणं पुढे होती, आणि ती सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. कुठल्याही संस्थेला बंद करताना हिशेबाची वही नेहमीच मदतीला येते. १९७५ मध्ये अ‍ॅनाहाइमच्या अधिवेशनात ठरलं, की सीनियर कॉलेज बंद करायचं आणि इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डचं धर्मविद्यालय उचलून त्या आवारात आणायचं. १९७६ मध्ये ते आलं. तेव्हा त्याचे प्रमुख होते रॉबर्ट प्रॉइस, अध्यक्षांचे बंधू. पुढच्या वर्षी सीनियर कॉलेजचं दार मिटलं.

यातही एक वळण आहे. स्प्रिंगफील्डहून आलेलं हे धर्मविद्यालय मुळात फोर्ट वेनचंच! १८४६ मध्ये ते याच शहरात सुरू झालं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात ते सेंट लुइसला गेलं, तिथून स्प्रिंगफील्डला, आणि १३० वर्षांनी पुन्हा जन्मगावी परतलं. म्हणजे ज्यांना आपण ‘नवे भाडेकरू’ म्हणावं, ते स्वतःला घरी परत आलेली मंडळी समजत होते, आणि तेही खरंच होतं. कुठल्याही जागेचा इतिहास थोडा मागे नेला की मालकीचा दावा बदलतो. हेसुद्धा आपल्याला नव्याने शिकवायला नको.

आता थोडं शब्दाविषयी बोलतो, कारण माझा धंदा शब्दांचा आहे. मराठीत ‘कौल’ या शब्दाचे तीन अर्थ. एक, छपरावरचं कौल, मातीचं, भाजलेलं. दुसरा अर्थ निर्णयाचा. कोकणात देवाला कौल लावतात, निवडणुकीत जनतेचा कौल येतो. आणि तिसरा अर्थ जुना, कागदपत्रांतला. कौल म्हणजे अभय, लिहून दिलेलं वचन. हा शब्द अरबीतून आला, तिथे ‘क़ौल’ म्हणजे बोल, दिलेला शब्द. शिवकाळात आणि पेशवाईत ओसाड पडलेलं गाव पुन्हा वसवायचं झालं, की रयतेला कौल दिला जाई. या, जमीन कसा, इतकी वर्षं सारा कमी घेऊ, तुम्हाला उपद्रव होणार नाही. हा कागद हातात पडला की कुणबी बैल घेऊन येई. म्हणजे आपल्या पूर्वजांना एक गोष्ट पक्की माहीत होती. गाव नुसत्या घरांनी वसत नाही. आधी शब्द द्यावा लागतो.

फोर्ट वेनच्या गावाला कौलं होती, जगातल्या एका मोठ्या वास्तुकाराने बसवलेली. पुढे त्याला कौल मिळाला, बहुमताचा, नियमाप्रमाणे, सभा भरवून. उणा पडला तो तिसरा कौल. ‘तुझं मत वेगळं निघालं, तरी तुला इथे राहता येईल,’ हा शब्द त्या तरुणांना आणि त्यांच्या गुरूंना कुणी दिलेला नव्हता. सगळे एका मताचे असेपर्यंत त्याची गरज कुणाला भासलीच नाही. गरज भासली तेव्हा उशीर झाला होता.

आपल्याकडे गेल्या पाऊणशे वर्षांत किती शिक्षणसंस्था निघाल्या! लोकवर्गणीतून निघाल्या, जातीच्या-धर्माच्या मंडळांनी काढल्या, अल्पसंख्याकांनी आपल्या मुलांसाठी काढल्या. त्यामागची तळमळ मी नाकारत नाही. मीही अशाच कुणाकुणाच्या तळमळीमुळे बी. ए. झालो. पण इमारतीच्या पायाभरणीला आपण जितका विचार करतो, तितकाच विचार एका साध्या प्रश्नाचा करावा, असं मला वाटतं. उद्या इथला एखादा शिक्षक, एखादी विद्यार्थिनी आपल्याला न पटणारं बोलली, तर तिच्यासाठी या आवारात जागा असेल का? घटनेच्या शेवटच्या पानावर का होईना, तसा कौल लिहून ठेवला पाहिजे. भांडण सुरू झाल्यावर तो लिहिता येत नाही. तेव्हा प्रत्येकाच्या हातातलं पेन आधीच कुणाच्या तरी बाजूचं झालेलं असतं.

ते आवार आजही आहे. धर्मविद्यालय तिथे चालू आहे, पाद्री तयार होत आहेत, क्रेमर चॅपलमध्ये प्रार्थना होते, तळ्याच्या काठची झाडं आता वयात आली आहेत. सारिनेनच्या महत्त्वाच्या कामांत त्याची गणना होते आणि वास्तुकलेचे अभ्यासक ते पाहायला जातात. बाहेर पडलेल्यांनी स्थापन केलेली शाळा पुढे शिकागोच्या दुसऱ्या लूथरन विद्यालयात विलीन झाली. त्यांची मंडळी १९८८ पासून अमेरिकेतल्या एका मोठ्या लूथरन चर्चचा भाग आहेत. दोन्ही बाजू आपापल्या जागी आहेत. दोघांची प्रार्थना एकाच देवाची, दोघांचा ग्रंथ एकच. सीनियर कॉलेजमधून पदवी घेतलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत, आणि त्यांचं कॉलेज जगाच्या नकाशावर त्या नावाने कुठेच नाही.

इमारत टिकवायला काय लागतं हे माणसाला कळलं आहे. कौल फुटलं तर ते बदलता येतं, भिंतीला पुन्हा रंग देता येतो. एकोपा टिकवायला काय लागतं, ते मात्र प्रत्येक पिढीला आपलं आपण शिकावं लागतं. ते शिकायला फार पैसा लागत नाही. आपल्याशी न जमणाऱ्या माणसाला ‘बस जरा’ म्हणायची तयारी लागते, आणि तो निघून जाण्याआधी ते म्हणावं लागतं.